अल्फियाची थाळी

"मेश्राम मॅडम, त्या पोरीला सांगा. सगळ्यांसारखं खा, नाहीतर बॅग उचल."

मॅनेजर साहेब मेसच्या दारात उभे राहून मला सांगत होते. आत आमच्या टीमच्या पोरी चिकनवर ताव मारत होत्या. अल्फिया एकटी वरणभात आणि उकडलेली अंडी घेऊन बसली होती. आणि मजेत जेवत होती, हे साहेबांना जास्त खुपत होतं.

मी मध्य प्रदेशात, बालाघाटला मुलींना हॉकी शिकवते. जबलपूरच्या स्पर्धेआधी आमचा कॅम्प लागला होता. अल्फिया आमची गोली. गोली म्हणजे गोलकीपर. मैदानावर पूर्ण शब्द कोणी वापरत नाही. पायाला पॅड, डोक्याला हेल्मेट आणि समोरून दगडासारखा बॉल. या जागेवर भित्री पोरगी चालत नाही.

त्या संध्याकाळी वारासिवनीच्या एका राइस मिलवाल्यानं कौतुकानं चिकन पाठवलं होतं. अल्फिया थाळी घेऊन वाढणाऱ्यासमोर गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भैया, ये हलाल है क्या? किसके यहाँ कटा?"

हलाल म्हणजे त्यांच्या रीतीनं, अल्लाचं नाव घेऊन कापलेलं. वाढणाऱ्याला काही माहीत नव्हतं.

"तो मेरे को अंडे दे दो," ती म्हणाली. बस. ना चेहरा पडला, ना आवाज. मागून एक पोरगी फिदीफिदी हसली, तर हिनं वळून तिलाच समजावलं, "तेरे यहाँ नवरात्र में लहसुन-प्याज नहीं चलता ना? वैसा ही है रे." आणि बसून अंडं सोलायला लागली.

माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला सांगू, जळले मी.

कारण शेजारच्याच टेबलावर माझी तेजू बसली होती. टीमची दुसरी गोली, माझी पोटची पोरगी. आम्ही बौद्ध. दर रविवारी सकाळी तेजू माझ्यासोबत विहारात वंदनेला येते. मैत्रिणींना सांगते, ट्यूशनला जाते! घरी आम्ही मराठी बोलतो, पण फाटकात मैत्रीण दिसली की मला दटावते, "आई, हिंदी में बोल ना." आणि ही अल्फिया, तेजूच्याच वयाची, भर मेसमध्ये आपला धर्म थाळीसारखा पुढे धरते.

"शिस्त म्हणजे शिस्त," साहेब म्हणाले. "एकीसाठी वेगळं केलं की उद्या दुसरी उठेल. आणि तुम्हाला अडचण काय आहे? दुसरी गोली तुमचीच मुलगी ना?"

मेलं, हेच तर होतं. मी नुसती मान हलवली असती तर तेजू खेळली असती.

"उद्या सांगते," मी म्हणाले.

सकाळी अल्फियाच्या आईला बोलावलं. शबानाताई स्टेशनजवळ ब्लाउज-सलवार शिवतात. गळ्यात टेप तसाच ठेवून धावत आल्या. माहेर महाराष्ट्रातल्या तुमसरचं, म्हणून मराठी माझ्या तेजूपेक्षा साफ. तिथंही मला टोचलंच.

"काई गडबड केली का तिनं, मॅडम?"

मी जेवणाचं सांगितलं. मग राहवलं नाही. "ताई, तुम्ही पोरीले शिकवलं तरी काय? तिले लाज कशी नाही वाटत?" सूर माझा वाकडाच होता.

त्या हसल्या. "पहिले वाटे लाज! चवथीत होती. मैत्रिणीच्या बड्डेले गेलती. सगळ्यायनं चिकन खाल्लं, हे उपाशी घरी आली. रडून रडून म्हणे, अम्मी, आपलंच असं काहून?"

"मग?"

"मंग मी तिले दुकानात पुढे केलं. चिकन घ्याचं आहे, त हलाल आहे का ते तू विचार. जेली पाहिजे, त तिच्यात जनावराचं काई आहे का, पाकिटावर तू वाच. मी मागं उभी. पहिले त तिचा आवाजच निघे ना. तिले वाटे, दुकानदार हाकलून देते. कोणी नाही हाकललं." त्यांनी टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळला. "मंग दुसऱ्या एका मैत्रिणीले घरी जेवाले बोलावलं. ते लोक मांस नाही खात. अल्फियानंच विचारलं, तुले काय चालते, काय नाही. तिच्यासाठी नव्या गंजात, कोऱ्या भांड्यात, वेगळं वरण केलं. दुसऱ्याले विचाराची सवय लागली, त आपलं सांगाची लाज नाही राहत, मॅडम."

माझ्या घरी भिंतभर पुस्तकं आहेत. घरात भाषणं कमी होतात असंही नाही. आणि इथं एक बाई दुकानात मागे उभी राहून माझ्यापुढे निघून गेली होती.

"तिले काढता का टीममधून?" त्यांनी हळूच विचारलं. "पॅड घालून झोपाचंच बाकी ठेवलं हो तिनं."

मी उठले आणि सरळ साहेबांकडे गेले.

"अल्फिया खेळेल. चिकन असलं की तिला अंडी मिळतील."

"आणि शिस्त?"

"ज्या पोरी अंडंही खात नाहीत, त्यांना आपण पनीर देतोच ना?"

"त्या व्हेजिटेरियन आहेत, मॅडम."

"मग?"

साहेबांनी मोबाइल उचलला, ठेवला. "तुमची मुलगी बाकावर बसेल."

"बसेल."

जबलपूरला सेमीफायनल बरोबरीत सुटली. मग शूटआउट. त्यात एक खेळाडू आणि एक गोली, दोघींचाच सामना, गोल करायला आठ सेकंद. अल्फिया गोल सोडून अशी काही पुढे धावत यायची की समोरचीची स्टिकच अडखळायची. आम्ही जिंकलो. फायनल हरलो, पण फोटोत साहेब अल्फियाच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

परतीच्या गाडीत तेजू माझ्या शेजारी बसली. आजूबाजूला सगळ्या पोरी होत्या, तरी मराठीत बोलली. रागात होती म्हणून असेल.

"आई, मले एक मॅचही काहून नाही दिली?"

"ती तुझ्याहून बरी आहे, बेटा."

"खेळात ना?"

मी पिशवीत पाण्याची बाटली शोधायला लागले. तेवढं तिला पुरलं.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "ते थाळी घेऊन उभी राहते, तवा तू तिच्याकडे कशी पाहतेस, ते मी पाहतो. माझ्याकडे कधी पाहिलं तसं? तुलेच माझं काई भारी वाटत नाही. मंग मी कोणाले काय सांगू, मी कोण आहे म्हणून?"

मी तिचा हात धरायला गेले. तिनं काढून घेतला.

कोचिंगमध्ये पहिली गोष्ट हीच शिकवतात. ओरडून गोली तयार होत नाही. तिच्या गोलामागे जाऊन उभं राहायचं, आणि बॉल सुटला तरी "बढिया" म्हणायचं, तेव्हा कुठं ती पुढच्या बॉलवर अंग टाकते. टीममधल्या सगळ्या पोरींना मी हे रोज म्हणते. एकीला रोज घरी घेऊन जाते, तिला म्हणायचं राहून गेलं.