मुळीचं नाव घ्यायचं नसतं
सहाणेवर कडू मुळी उगाळल्याचा ओला, तुरट वास कुठे आला, की मला माय आठवते. छातीतल्या जळजळीसाठी ती दवाखान्यातली गोळी घ्यायची आणि तिच्या मागोमाग गावच्या वैदूने दिलेली मुळी उगाळून प्यायची. दोन्ही घेतलं तर लवकर बरं वाटेल, असं तिला वाटायचं. एका उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचताना तिला चक्कर आली, टोपली कलंडली, तेव्हा मी तिला एसटीने गडचिरोलीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळीसोबत आणखी काही घेता का?" माय जमिनीकडे पाहत राहिली. "सांग ना वं माय," मी तिच्या कानाशी लागले. "मुळीचं नाव घेतलं का तिचा गुण जाते," ती पुटपुटली. मला रागही आला आणि रडूही. तेवढ्यात तिने पदराची गाठ सोडली आणि पळसाच्या पानात गुंडाळलेली मुळी मुकाट टेबलावर ठेवली. बाई हसल्या नाहीत. "नाव राहू द्या," त्या म्हणाल्या, "पण ही काय आहे ते मला ठाऊक नाही, म्हणून गोळी चालू आहे तोवर ही नको." बाहेर आल्यावर माय ठसक्यात म्हणाली, "मी तं काईच बोलली नाई." आता जळजळ माझ्या छातीत असते. काल माझ्या डॉक्टरांनीही तेच विचारलं. गोळीसोबत मीही एक चूर्ण घेते, ते सांगायला जीभ उचलेना, तेव्हा मी पर्स उघडली आणि चूर्णाची डबी मुकाट टेबलावर ठेवली.