जाऊबाईंचं सोलर आणि माझा जळफळाट

गेल्या रविवारी आमच्या अकोल्याच्या कॉलनीत महिला मंडळाचा कार्यक्रम होता. विषय होता घरातली वीज कशी वाचवायची आणि सोलर घ्यायचं की नाही. बोलायला अमरावतीहून पाहुण्या आल्या होत्या... माझीच धाकटी जाऊ, सुनंदा.

खरं सांगते, बॅनरवर तिचं नाव वाचलं तेव्हाच पोटात दुखायला लागलं. या मंडळात हळदीकुंकवापासून रक्तदान शिबिरापर्यंत सगळं मी करते. खुर्च्या मी लावायच्या आणि टाळ्या हिला?

सुनंदाच्या घरावर सोलर बसलं, तेव्हापासून ती अशी गावोगाव बोलायला जाते. चांदूर रेल्वेला जाऊन आली, मोझरीला जाऊन आली. हल्ली नातेवाईक माझी ओळखसुद्धा "सुनंदाच्या जाऊबाई" अशी करून देतात. मी मोठी आहे हो तिच्यापेक्षा!

आणि बोलते छान, हे आणखी वाईट. कूलर लावला की समोरची एक खिडकी थोडी उघडी ठेवा, कोंडलेल्या खोलीत तो नुसता दमटपणा करतो. फ्रीज भिंतीला चिकटवू नका. आधी घरातली उधळपट्टी थांबवा, मग सोलरचा विचार करा... बायका माना डोलवत होत्या. मीही डोलवली, पण एकदाच.

शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली, तेव्हा मी उठले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आम्हीपण सोलर बसवतोय. सुनंदाकडे आहे त्याच्यापेक्षा मोठं." खरंतर नुसतं बोलणं झालं होतं. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी सह्या घ्यायला येणार होता.

पण टाळ्या पडल्या. बरं वाटलं.

कार्यक्रमानंतर सुनंदा जेवायला घरी आली. जेवण झाल्यावर म्हणाली, "ताई, गच्ची दाखवता का?" मेमधलं अकोल्याचं ऊन... चपला घालूनही तळपाय भाजत होते. मला वाटलं, आता ही तोंड भरून कौतुक करेल.

ती मात्र गच्चीकडे बघतच नव्हती. दक्षिणेला शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी बांधलेल्या उंच इमारतीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "ताई, घाई नका करू. आता सूर्य डोक्यावर आहे म्हणून ऊन दिसून राहिलं. थंडीत तो तिकडे कलला का या बिल्डिंगची सावली तुमच्या सगळ्या गच्चीवर येईन. सोलर पुरं काम नाई करणार."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "म्हणजे तुमच्याकडे झालं, आता आमच्याकडे नको? लोकांनी तुलाच बोलवत राहावं, असंच ना?"

खाली हॉलमध्ये आलो तरी माझं तेच सुरू होतं. यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. माझे यजमान अशा वेळी हेच करतात.

वरच्या खोलीत राहणाऱ्या आमच्या सासूबाई गच्चीच्या तापण्यामुळे दुपारी खाली हॉलमध्ये येऊन पडतात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पडल्या पडल्याच म्हणाल्या, "काहून भांडता वो? औंदा थंडीत गच्चीवर ऊन होतं कुठी? ऊन खायले मले रोज खाली गेटपाशी बसा लागे. खुर्ची तूच तं नेऊन ठेवत होती!"

खरंच होतं.

अख्खा हिवाळा मी ती प्लॅस्टिकची खुर्ची गेटपाशी नेली होती. वाळवणसुद्धा गच्चीवर सुकत नाही म्हणून समोरच्या काकूंकडे टाकलं होतं. डोळ्यांसमोरची गोष्ट... पण मला फक्त सुनंदाचं घर दिसत होतं, माझं दिसतच नव्हतं.

संध्याकाळी कंपनीच्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं. जरा जड गेलं. सुनंदा निघताना एवढंच म्हणाली, "आईंच्या खोलीवर गच्चीला आधी चुना मारून पाहा, ताई. पांढरा, चांगला दाट."

सोमवारी ऊन उतरल्यावर मी आणि हे बादली, कुंचे घेऊन वर गेलो. चुन्यात थोडं फेविकॉल घातलं, दोन हात मारले. हातांची आग झाली, साडी गेली. पण आता सासूबाई दुपारी आपल्याच खोलीत, आपल्याच पलंगावर झोपतात. थंडगार नाही म्हणणार मी... पण छताची ती धग गेली.

आणि फोनवर सगळ्या गोतावळ्याला काय सांगतात? "सुनंदानं सांगतलं म्हणून बरं झालं!" कुंचा मी मारला, नाव सुनंदाचं. पुन्हा पोटात दुखलं.

तरी काल तिला फोन केला. "त्या दिवशी मी फार बोलले गं," म्हटलं. ती म्हणाली, "ताई, गच्चीवर मले लय भेव वाटलं होतं. तुमी बोलणंच सोडसान असं वाटलं. पण पॅनल बसल्यावर सांगून काय फायदा होता?"

फोन ठेवल्यावर तेच मनात घोळत राहिलं.

ती गप्प बसली असती तर मी खूश होऊन सह्या केल्या असत्या, आणि आमच्यात काहीच बिघडलं नसतं. हेवा आहेच अजून, तो एका आठवड्यात जायचा नाही. पण नातं तुटेल अशी भीती वाटत असतानाही माझ्या भल्याचं बोलली, अशी जाऊ मला मिळाली... हे मात्र आज सगळ्यांसमोर लिहून ठेवते. थँक यू, सुनंदा.