ॲम्ब्रोज टिलकॉटची साक्ष

ॲम्ब्रोज टिलकॉट ॲशकोम गावात कुणालाच आवडत नसे, आणि ॲशकोममधलं कुणी त्यालाही आवडत नसे. यात लपवाछपवी काही नव्हती. रस्त्यात समोरून तो आला की बायका पोरांना जवळ ओढून घेत, आणि तो मुद्दाम रस्त्याच्या मधोमध चाले.

भांडणाची सुरुवात समुद्रावरच झाली होती. १६३६ साली इंग्लंडातल्या डॉर्सेटहून अमेरिकेला निघालेल्या जहाजात खालच्या मजल्यावर माणसं पोत्यांसारखी रचलेली. ॲम्ब्रोजची बायको थॉमसिन ताप आणि उलट्यांनी अर्धमेली झाली होती. तिला जरा पाय पसरता येतील एवढ्याच जागेवर नेहेमाया ग्रिंडल नावाच्या गृहस्थाने आपली कथलाच्या ताटांची पेटी आणून ठेवली. ॲम्ब्रोजने पेटी उचलून जिन्याखाली टाकली. ग्रिंडलने ती परत आणली. तिसऱ्या खेपेला ॲम्ब्रोजने पेटीऐवजी ग्रिंडललाच उचललं. लोकांनी सोडवलं म्हणून बरं, नाहीतर ॲशकोमला एक डीकन कमी मिळाला असता.

कारण किनाऱ्याला लागल्यावर वर्षभरातच ग्रिंडल चर्चचा डीकन, म्हणजे कारभारी, झाला, आणि जमिनीच्या वाटण्या करणाऱ्या पाच जणांतला एक. खाडीकाठची काळी जमीन त्याला मिळाली. ॲम्ब्रोजला मिळाला गावाच्या अगदी टोकाचा, ओढ्यापलीकडचा दगडगोट्यांचा तुकडा.

"इथं पिकेल काय?" थॉमसिनने विचारलं.

"दगड," ॲम्ब्रोज म्हणाला. "भरघोस येतील."

"मग जाऊया दुसरीकडे."

"त्याला तेच हवंय. मी नाही हलायचा."

तो पेशाने करवत्या होता. विलायतेहून त्याने माणसाहून लांब करवत चरबी लावून, गोणपाटात गुंडाळून आणली होती. जमिनीत खड्डा खणायचा, त्यावर ओंडका आडवा टाकायचा. एक माणूस ओंडक्यावर उभा, दुसरा खड्ड्यात, आणि दोघांनी मिळून करवत वरखाली ओढायची. खालच्या माणसाच्या डोळ्यांत, नाकात, मानेवरून पाठीत सगळा भुसा. ॲम्ब्रोजच्या खड्ड्यात उतरायला गावातला एकही माणूस तयार होईना. शेवटी थॉमसिनच तोंडाला फडकं बांधून उतरली. मुलगी सायलेन्स तेव्हा दोन वर्षांची. तिला झाडाला बांधून ठेवत. नावाप्रमाणे ती कधीच वागली नाही.

गावाच्या प्रार्थनाघराची एकूणएक फळी या नवराबायकोने कापली. घर उभं राहिलं आणि कुणी कुठं बसायचं ते ठरलं. पुढच्या बाकावर डीकनची बायको. थॉमसिनला जागा मिळाली शेवटच्या बाकावर, दाराशी, जिथं डिसेंबरात बर्फाचा भुगा पायावर येऊन पडे. पहिल्या रविवारी ती घरी आली ती शाल न काढताच चुलीपुढे बसली.

"तुझ्या तोंडामुळे," ती म्हणाली. "तुझं तोंड चालतं आणि थंडी मला वाजते."

सहा वर्षं ती दाराशीच बसली.

ओढ्यापलीकडे त्याला एकच शेजार होता. मिशॉनम नावाच्या, साधारण पन्नाशीच्या, त्या मुलखातल्या मूळ रहिवासी बाईचं शेत. तिच्या लोकांचं तिथं पूर्वी मोठं गाव होतं. साथीत बहुतेक मेले, आणि उरलेली तीन घरं तिच्या शब्दावर चालत. मका लावलेले मातीचे उंचवटे, त्यांत घेवडा, भोपळा, आणि हिवाळ्यासाठी साठवलेला मका जमिनीत खड्डे करून पुरलेला. पहिल्याच उन्हाळ्यात ॲम्ब्रोजचं डुक्कर तिच्या शेतात शिरलं. तिने डुकराच्या मांडीत भाला खुपसला आणि ते रक्ताळलेलं जनावर हाकत त्याच्या दारात आणून सोडलं. तो इंग्रजीत ओरडला, ती तिच्या भाषेत. एकमेकांचं अक्षर कळलं नाही, पण अर्थ दोघांना नीट कळला. दुसऱ्या दिवसापासून त्याने कुंपण घालायला घेतलं. त्यानंतर दोघं एकमेकांच्या वाटेला गेले नाहीत. मैत्री म्हणावी असं काही नव्हतं. ती दिसली की तो मान फिरवी, आणि तीही.

१६४२ च्या सप्टेंबरात, मका काढणीला आलेला असताना, एका पहाटे ॲम्ब्रोज ओंडक्यावर चढून करवतीला धार लावत होता. ओहोटी लागलेली, ओढ्यात घोटाभर पाणी. खालून डुकरांचा आवाज आला. त्याने पाहिलं, तर डीकन ग्रिंडल स्वतः, हातात काठी घेऊन, आपली वीसेक डुकरं ओढा ओलांडून मिशॉनमच्या शेताकडे हाकत होता. बरोबर त्याचा एक गडी. डुकरं मक्यात शिरली तसे ते दोघं मागे फिरले.

दुपारपर्यंत शेताची माती झाली. डुकरांनी नाकाने उकरून पुरलेला मकाही वर काढला. मिशॉनम आणि तिच्या माणसांनी धावत येऊन तीन डुकरं मारली. ग्रिंडलला हेच हवं होतं. त्याने तक्रार केली की या बाईने माझी जनावरं माझ्याच जमिनीवर येऊन मारली, आणि भरपाई म्हणून ओढ्यापलीकडचं शेत मागितलं.

खटला ऐकायला मोठ्या गावाहून न्यायाधीश येणार होते. त्याच्या चार दिवस आधी ग्रिंडल ॲम्ब्रोजच्या घरी आला. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

"बंधू टिलकॉट," तो म्हणाला, "तू तिकडे टोकाला राहतोस. उगाच काही पाहिलंस बिहिलंस असं लोक म्हणतात."

"लोक खरं म्हणतात."

"पहाटे धुकं असतं."

"त्या दिवशी नव्हतं. तुमची टोपीसुद्धा दिसली. कोंबडी बसल्यासारखी दिसते ती."

ग्रिंडलने ते गिळलं. मग तो थॉमसिनकडे वळून म्हणाला, "भगिनी टिलकॉट, माझ्या बायकोशेजारी बाकावर जागा मोकळी झाली आहे. तुमच्यासारख्या कष्टाळू बाईने दाराशी बसावं हे आम्हा सगळ्यांनाच खटकतं. आणि खाडीकाठच्या कुरणाचा एक पट्टाही आहे. विचार करा."

तो गेल्यावर थॉमसिन चुलीवरची मटाराची लापशी ढवळू लागली.

"मला ती जागा हवी," थॉमसिन म्हणाली. "ऐकलंस? मला हवी. त्या फळ्या मी कापल्यात. खोकले की अजून भुसा पडतो घशातून."

"ठाऊक आहे मला."

"ती बाई तुझी कोण लागते? तुझ्या डुकराला तिने भोसकलं होतं."

"कुणी नाही लागत. मला ती आवडतही नाही."

"मग?"

"त्या माणसाने सांगितलेलं माझ्या तोंडून निघायचं नाही, थॉमसिन. घशातच अडकेल."

"म्हणजे पुन्हा तुझं तोंडच," ती म्हणाली, आणि चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. खड्ड्यात उतरायची, करवत ओढायची, वर येऊन भाकरी त्याच्यापुढे आदळायची.

खटल्याच्या दिवशी प्रार्थनाघर गच्च भरलं. मिशॉनम भिंतीशी उभी होती. तिला बसा म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. ॲम्ब्रोजने पाहिलं ते सगळं सांगितलं. ग्रिंडल शांतपणे उठला.

"न्यायाधीशमहाराज, हा माणूस माझा द्वेष करतो. अख्खं गाव सांगेल. विचारा त्याला."

"खरं आहे का हे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"खरं आहे," ॲम्ब्रोज म्हणाला. "जहाजावर होतो तेव्हापासून करतो, आणि रोज करतो. म्हणूनच त्यांची चाल मी लांबून ओळखतो. प्रेमाच्या माणसाकडे इतकं निरखून कोण बघतं?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. न्यायाधीश हसले नाहीत. एका साक्षीदारावर निकाल देता येत नाही, ते म्हणाले. दुसरा कोणी आहे का? मिशॉनमच्या माणसांचं बोलणं ते धरणार नव्हते. ग्रिंडलचा गडी जमिनीकडे बघत राहिला. ॲम्ब्रोजने मान फिरवून गावाकडे पाहिलं. पन्नास चेहरे, सगळे बंद.

तेवढ्यात दाराशी बाक करकरला.

"मी आहे," थॉमसिन म्हणाली.

ती उभी होती. चेहरा लालभडक. "मी पाणी प्यायला खड्ड्यातून वर आले होते. यांची पाठ होती माझ्याकडे. डीकन डुकरं हाकत होते. 'चला गं बायांनो, जेवायला चला,' असं म्हणत होते. मी कानांनी ऐकलं."

ॲम्ब्रोज तिच्याकडे बघतच राहिला. तिने पाहिलं होतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. एवढे दिवस तिने ते पोटात ठेवलं होतं.

"आधी का बोलला नाहीत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मला पुढची जागा हवी होती," थॉमसिन म्हणाली. "अजून हवी आहे." आणि ती खाली बसली.

शेत मिशॉनमकडे राहिलं. ग्रिंडलने तिला नासलेल्या मक्याएवढा मका द्यावा आणि कुंपण घालावं, असा निकाल झाला.

गावाने मग आपला निकाल दिला. टिलकॉटच्या फळ्या कुणी घेईना. सायलेन्सच्या कपाळावर दगड बसला, आणि मारणाऱ्या पोराच्या आईने म्हटलं की पोरगी तोंडाळ आहे. एका सोमवारी खड्डा दगडांनी भरलेला सापडला, वर मेलेलं कुत्रं. चर्चने ॲम्ब्रोजला बोलावून सांगितलं, कलहप्रिय जिभेबद्दल सर्वांसमोर पश्चात्ताप कर. तो म्हणाला, "कुत्रं कुणी टाकलं ते सांगा, मग बघू." त्याला बहिष्कृत केलं. थॉमसिनला चर्चमध्ये राहता आलं असतं. पण तिने त्या रविवारी नवऱ्यामागोमाग बाहेर पडताना दार इतक्या जोरात लावलं की बिजागरी निखळली.

१६४४ च्या वसंतात त्यांनी सामान होडीत भरलं. नदीच्या वरच्या अंगाला नवी वस्ती होत होती. ओढ्याकाठी मिशॉनम येऊन उभी राहिली. एव्हाना तिला कामापुरती इंग्रजी येई.

"जातोस?"

"जातो."

"डुकरंही नेतोस ना?"

"सगळी."

"बरं झालं," ती म्हणाली आणि शेताकडे वळली.

तिचं शेत पुढे तीन वर्षांनी गेलंच; कसल्याशा कागदावर तिच्या पुतण्याचा अंगठा घेऊन. ॲम्ब्रोजला ते नदीवर कळलं तेव्हा तो दिवसभर लाकडं फोडत राहिला. पण तो स्वतः जिथं घर बांधून राहिला होता, तीही कुणाची तरी जुनी मक्याची जमीन होती. उंचवटे अजून दिसत होते. त्याने ते नांगरून सपाट केले आणि आपली डुकरं मोकळी सोडली. त्याबद्दल त्याला कुणी कधी विचारलं नाही, आणि तोही कधी बोलला नाही.

तिथं त्याला जेरेड नावाचा मुलगा झाला. आज त्या खोऱ्यात जेवढे टिलकॉट आहेत ते सगळे या जेरेडचे.

१६६१ मध्ये ॲम्ब्रोजची छाती कफाने भरली. नव्या वस्तीचा तरुण पाद्री उशाशी बसला आणि म्हणाला, "डीकन ग्रिंडल गेल्या वर्षी वारले. आता तरी त्यांना मनातून क्षमा करा."

"त्याने मागितली होती?"

"तसं नाही, पण..."

"मग भेटलो की विचारीन."

पाद्र्याने मदतीसाठी थॉमसिनकडे पाहिलं. ती नवऱ्याच्या पाठीमागे उशी सारत होती.

"नीट बसव," ॲम्ब्रोज तिला म्हणाला. "वाकडी आहे."

"तूच वाकडा आहेस," ती म्हणाली, आणि उशी पुन्हा एकदा काढून लावली.