व्हर्लाच्या गोऱ्ह्याचा गोंडा

व्हर्ला कुचेरा बत्तीस वर्षं शाळेची बस चालवत होती आणि पन्नास वर्षं ड्वाइट राडेमाकरवर डूख धरून होती. बस कधी चुकली नाही, डूखही नाही. नेब्रास्कातल्या आमच्या काउंटीत बसचं कौतुक सगळे करायचे. डुखाचा पत्ता मात्र तिनं कोणाला लागू दिला नव्हता.

तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तिनं एक काळा गोऱ्हा वाढवला होता, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. म्होरकी घालून रोज पत्रपेटीपर्यंत चालवायचं, धुवायचं, पंख्याखाली वाळवायचं, केस उलटे विंचरायचे. वर्षभर तिला दुसरा उद्योग नव्हता. काउंटीच्या जत्रेत गोऱ्ह्यांची स्पर्धा असते, त्या सकाळी तिनं त्याच्या शेपटीचा गोंडा विंचरून, फुगवून, गोल बांधला. तो तसा वर बांधला की मागून जनावर भरदार दिसतं, आणि परीक्षक मागूनच आधी बघतो. मग ती पॅनकेक खायला गेली. गेली ती दहा मिनिटं. परत आली तर गोंडा गायब. कात्रीनं साफ कापलेला.

"व्हर्ला, आता माशा कशानं हाकलणार गं तो?" शेजारच्या दाव्यापाशी उभा असलेला ड्वाइट म्हणाला, आणि सगळा गोठा खो खो हसला. पुरावा म्हणाल तर एवढाच. पण तिला तेवढा पुरला.

ड्वाइटला जांभळी फीत मिळाली, पहिल्या नंबरची. व्हर्लाचा चौथा नंबर आला. जत्रेतले गोऱ्हे शेवटी खाटकाच्या ट्रकमध्येच चढतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तिलाही होतं. तिनं रडून गोंधळ घातला नाही. फक्त ट्रक येईपर्यंतचे दोन दिवस ती ओलं फडकं घेऊन त्याच्या पाठीवरच्या माशा हाकलत बसली. त्या दोन दिवसांत जे काय जळायचं ते जळून गेलं, आणि मग उरला नुसता निखारा.

ड्वाइटच्या वाटेला ती कधी गेली नाही. चर्चमध्ये भेटला तर मान हलवायची. त्याची पोरं, नातवंडं तिच्याच बसमधून शाळेत जायची. त्यांना कधी उणा शब्द नाही, बर्फ पडला तर अगदी दाराशी सोडायची. सूड तिनं जत्रेच्या रिंगणासाठी राखून ठेवला होता.

राडेमाकरांचं कोणी पोर गोऱ्हा घेऊन उतरणार असं कळलं, की बसमधलं दुसरं एखादं हुशार पोर ती आरशातून हेरायची. पहाटे पाचला त्याच्या गोठ्यात हजर. "डोळे जनावरावर नको, परीक्षकावर ठेव. काठीनं पोट खाजव, टोचू नको. रेडिओ लावून ठेव रे बाबा, नाहीतर लोकांनी टाळ्या वाजवल्या की हा तुला फरफटत नेईल." असं दहा-अकरा महिने. ड्वाइटच्या तीन पोरांना आणि पाच नातवंडांना तिनं असं पाणी पाजलं. जांभळी फीत त्या घरात पुन्हा गेली नाही. "आमच्या हाताला यशच नाही," असं ड्वाइट गावातल्या हॉटेलात कॉफी पिताना म्हणायचा, आणि पलीकडच्या टेबलावर बसलेल्या व्हर्लाला तिची कॉफी साखरेविना गोड लागायची.

गेल्या जुलैत त्याची सगळ्यात धाकटी नात, ब्रिन, तिच्या दारात उभी राहिली. चौदा वर्षांची, बुटांना शेण, नजर सरळ.

"मिस कुचेरा, मला शिकवाल?"

"मी बस चालवते, पोरी."

"आम्हाला आजवर ज्यांनी हरवलं ते सगळे तुम्ही शिकवलेले. मी विचारत फिरले. का ते नाही कळलं."

व्हर्लाला पन्नास वर्षांत कोणी हे विचारलं नव्हतं. तिनं पोरीला पायरीवर बसवलं आणि गोंड्याची गोष्ट सांगितली. ठिपका तेवढा सांगितला नाही. तो तिचा स्वतःचा होता.

"आजोबांना सांग," व्हर्ला शेवटी म्हणाली, "जत्रेत, गोऱ्ह्यांच्या स्पर्धेआधी, माइकवर उभं राहून कबूल कर म्हणावं. सगळ्यांसमोर हसला होतास, सगळ्यांसमोरच बोल. मग मी तुला शिकवते, पोरी."

तिला खात्री होती, तो येणार नाही. आलाच तर नाक मुठीत धरून येईल, त त प प करील, लोक माना खाली घालतील. ते बघायला जत्रेच्या दिवशी ती तिसऱ्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसली.

ड्वाइट आला. टोपी छातीशी धरली आणि घसा खाकरला.

"मित्रहो, पन्नास वर्षांपूर्वी याच गोठ्यात मी एक पाप केलंय. व्हर्ला कुचेराचा गोऱ्हा होता. काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका. माझ्या जनावराहून सरस होता, म्हणून मी त्याच्या शेपटीचा गोंडा कापला. ती फीत माझी नव्हती. व्हर्ला, मला माफ कर."

मग टाळ्या सुरू झाल्या. लोक उठून उभे राहिले, कोणी शिट्टी मारली, पाद्रीबाईंनी डोळे टिपले. "केवढ्या मनाचा माणूस!" मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. ड्वाइट खाली उतरला तेव्हा त्याचा हात हातात घ्यायला रांग लागली. ज्याची मान खाली जायची तो ताठ उभा होता, आणि जिच्यावर अन्याय झाला तिच्याकडे सगळे अशा नजरेनं बघत होते, की बाई, आता तरी हस की. तिनं उठून हात मिळवला. दुसरं काय करणार होती?

पण खरं सांगायचं तर तिचं काळीज हललं होतं. त्याला ठिपका आठवत होता. तिच्याशिवाय तो ठिपका या जगात कोणालातरी आठवत होता! ती घाईनं गोठ्यामागे गेली, पाण्याच्या टाकीपाशी, आणि तिथं तिचे डोळे भरून आले. निखारा विझतोय की काय असं तिला वाटलं, आणि ते वाटणं बरंही वाटलं.

ब्रिन तिला शोधत तिथं आली.

"मिस कुचेरा, एक सांगायचंय. खोटं ठेवून शिकायला सुरुवात नको."

"बोल."

"आजोबांना त्यातलं काही आठवत नाही. म्हणाले, केलंही असेल, त्या वयात काय काय केलं. मग मला म्हणाले, गोऱ्हा कसा होता ते तरी शोध, नुसतं बोललो तर लोकांना पटायचं नाही. मी वाचनालयात जुन्या पेपरातला त्या जत्रेचा फोटो शोधून काढला. ठिपका त्यात होता."

आत टाळ्या अजून चालूच होत्या. व्हर्लानं बाहीनं डोळे कोरडे केले.

"वासरू घेतलंस का पुढच्या वर्षासाठी?"

"अजून नाही."

"माझ्याशिवाय घेऊ नकोस. तुम्ही राडेमाकर मागचे पाय न बघता घेता. सोमवारी पहाटे पाचला ये. पुढच्या वर्षी जांभळी फीत तुझी. मी सांगते म्हणजे तुझी."

पोरीचा चेहरा फुलला.

"आणि ऐक. जिंकल्यावर फोटो निघतो. गोऱ्ह्यामागे सगळं घर उभं करतात. तुझी आई उभी राहील, बाप राहील, भावंडं राहतील. तुझा आजोबा नाही."

"ते विचारतील ना, का म्हणून."

"विचारू दे की." व्हर्लानं टोपी डोक्यावर घट्ट ओढली. "सांग, कारण होतं काहीतरी. पण मिस कुचेराला आता आठवत नाही."