शेवटच्या गाण्याचे गृहस्थ

आत्या कवळ्या करायची. म्हणजे दवाखान्यात डॉक्टरांनी रुग्णाच्या तोंडाचं माप घ्यायचं आणि मागच्या गल्लीतल्या लॅबमध्ये हिने त्या मापावरून हिरड्या ओतायच्या, दात बसवायचे, घासायचे, चमकवायचे. तिने लग्न केलं नव्हतं. भाऊ-वहिनीच्या घरात वरच्या खोलीत राहायची. भावाच्या मुलीची आत्या म्हणून आधी घरात, मग गल्लीत आणि शेवटी लॅबमध्येही ती सगळ्यांचीच आत्या होऊन बसली. पन्नाशी उलटलेली, अंगाने भरलेली आणि स्वभावाने, वहिनीच्या शब्दांत सांगायचं तर, भोचक. समोरचा माणूस बोलायला लागला की ती आधी त्याचे दात बघायची. डावीकडची दाढ गेलेली आहे, हा उजवीकडूनच जेवत असणार, असं मनात म्हणायची आणि मग त्याचं म्हणणं ऐकायची.

नाचाकडे ती वळली ती भाचीमुळे. भाचीला टँगोच्या क्लासला एकटीने जायची लाज वाटत होती, म्हणून आत्या सोबतीला गेली. भाचीचा उत्साह महिन्याभरात ओसरला, आत्या मात्र तिथे चिकटली. तिला एक गोष्ट काही केल्या उलगडत नव्हती. या नाचात पुरुष तोंडाने काही सांगत नाही, खुणावत नाही, नुसता समोर उभा राहतो आणि छातीचा कल जरासा बदलतो. तेवढ्यावर बाईचं पाऊल नेमकं हवं तिथे पडतं. हे कळतं कसं? सरांना विचारलं तर ते म्हणाले, नाचत राहा, कळेल. आत्याला असल्या उत्तराने झोप यायची नाही. ती दर आठवड्याला जात राहिली.

वर्षभराने सरांनीच तिला महोत्सवाला जायला सुचवलं. दुसऱ्या गावात एका जुन्या शाळेच्या लाकडी जमिनीच्या सभागृहात दोन-तीन दिवस हा मेळा असे. सकाळी शिकवण्या, दुपारभर नाच. गावोगावचे लोक यायचे, बरेच जण एकेकटे. गाणी तीन-चारच्या फेरीने वाजायची. एक फेरी एकाच जोडीदाराबरोबर नाचायची, दोन गाण्यांच्या मध्ये क्षणभर थांबून चार शब्द बोलायचे, फेरी संपली की आभार मानून वेगळं व्हायचं. आणि कोणीही कोणालाही विचारायचं, असं सर म्हणाले होते. आत्याने ते अक्षरशः खरं मानलं.

पहिल्याच दुपारी तिने चौकड्यांच्या शर्टातल्या एका माणसाला विचारलं. तो म्हणाला, जरा दमलोय. ती खुर्चीपर्यंत परत पोचायच्या आत तो लाल झग्यातल्या मुलीबरोबर गिरक्या घेत होता. मग एका उंच तरुणाला विचारलं. तो गोड हसला, नंतर नक्की म्हणाला, आणि ते नंतर काही उजाडलं नाही. तिसऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने खिशातून मोबाईल काढला, जणू काही तो तिथे मोबाईल बघायलाच आला होता. आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाहेरच्या खोलीत, जिथे सगळ्यांचे कोट टांगले होते तिथे, कोटांकडे तोंड करून उभी राहिली. रडू येत होतं, पण या वयात अनोळखी लोकांच्या कोटांत तोंड खुपसून रडायचं म्हणजे फारच झालं असतं.

तिथे तिला एक नर्स भेटली. दोघींना राहायला एकच खोली मिळाली होती. ही बाई वर्षानुवर्षं अशा मेळ्यांना येणारी, बोलायला फटकळ.

"किती जणांनी नाही म्हटलं?" तिने विचारलं.

"तिघांनी."

"मग बरी सुरुवात आहे. माझ्या पहिल्या वेळी मी कोणाला विचारलंच नाही. तीन दिवस खुर्ची गरम केली आणि घरी गेले."

त्या मेळ्यात आत्या थोडीफार नाचलीही. एका टक्कल पडलेल्या सुताराने तिला दोन फेऱ्या छान फिरवलं. पण घरी परतल्यावर लक्षात राहिले ते तीन नकारच. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि भाजी निवडता निवडता विचारलं की लोक तोंडावर नाही म्हणतात तिथे पदरमोड करून जायचंच कशाला. प्रश्न रास्त होता.

त्या प्रश्नावर ती लॅबमध्येही विचार करत राहिली. कवळी परत यायची, तेव्हा ती कधी मनाला लावून घेत नसे. कुठे टोचतंय ते बघायचं, तिथे घासायचं, पुन्हा पाठवायची. कवळीबरोबर डॉक्टरांची खूण तरी यायची. या नकारांबरोबर काहीच आलं नव्हतं. कुठे टोचलं असेल? वय? जाडी? घाम? की आपला काही संबंधच नसेल? त्या मोबाईलवाल्याला खरंच फोन आला असेल का? तिचं दुखणं कधी संपलं आणि कुतूहल कधी सुरू झालं, ते तिलाही कळलं नाही. पुढच्या मेळ्याला तिने नाव नोंदवलं तेव्हा वहिनीने कपाळाला हात लावला.

या वेळी तो उंच तरुण दिसताच तिने त्याला चहाच्या टेबलाशी गाठलं. नाचायला विचारत नाही, घाबरू नका, म्हणाली. मागच्या वेळी नाही का म्हणालात तेवढं सांगा. तो कानापर्यंत लाल झाला. आढेवेढे घेऊन शेवटी म्हणाला की त्याने तिला त्या दिवशी सकाळच्या शिकवणीत पाहिलं होतं. ती समोरच्याची वाटच बघत नाही, तो काही सुचवायच्या आत पाऊल टाकून मोकळी होते. आत्याला राग यायला हवा होता, पण तिला इतका आनंद झाला की तिने त्याचा हात धरून हलवला. टोचण्याची जागा सापडली होती! नर्सबरोबर खोलीत खुर्च्या बाजूला सारून तिने थांबण्याचा सराव केला. थांबणं हे चालण्यापेक्षा अवघड निघालं.

पण सगळेच नकार असे सरळ नव्हते. सभागृहाच्या कोपऱ्यात एक गृहस्थ बसायचे. साठीच्या पुढचे, ताठ, पांढऱ्या केसांचा नीट भांग, कपड्यांना कडक इस्त्री. आत्याने विचारलं तर त्यांनी ओठ न उघडता मान हलवली. दोन फेऱ्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तसंच. मात्र थोड्या वेळाने ते एकीबरोबर नाचताना दिसले, आणि काय नाचत होते! पाय जमिनीवरून असे सरकत होते, जसं काही लाकूड त्यांना ओळखतं. आत्याने मग डोळ्यात तेल घालून त्यांच्यावर पाळत ठेवली. दुपार संपेतो तिला एक विचित्र गोष्ट आढळली. हे गृहस्थ फेरीच्या सुरुवातीला सगळ्यांना नाही म्हणत. फेरीचं शेवटचं गाणं लागलं की उठत, रिकाम्या बसलेल्या एखादीला हात पुढे करत, तेवढं एक गाणं नाचत, मान लववत आणि परत कोपऱ्यात. जेवणाच्या वेळी सगळे एकत्र बसले तेव्हा ते खिडकीशी पाठमोरे बसून नुसतं सूप पीत होते.

"शेवटचं गाणंच का?" आत्याने नर्सला विचारलं.

नर्स म्हणाली, लहरी असतील, सोड त्यांचा नाद. पण नाद सोडेल तर ती आत्या कसली. संध्याकाळच्या चहाला ती मुद्दाम त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि साखर कुठे आहे ते विचारलं. नाइलाजाने त्यांना बोलावं लागलं. साखर समोरच्या टेबलावर आहे, एवढंच ते म्हणाले, पण प्रत्येक स बरोबर बारीक शीळ वाजली आणि वरचा ओठ चटकन खाली दाबला गेला. आत्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन गाण्यांच्या मध्ये बोलावं लागतं. शेवटच्या गाण्यानंतर नुसती मान लववली की भागतं.

"वरची कवळी सैल झालीय ना?" तिच्या तोंडून निघून गेलं.

गृहस्थांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. कप तसाच ठेवून ते निघून गेले. आत्याने जीभ चावली, पण आता काय उपयोग? नर्सने तिला त्यावरून असं झापलं की जेवण गोड लागेना. आजवर आपल्याला नाही म्हणणाऱ्यांचा आपण हिशेब मांडत होतो, आणि त्यांच्यापैकी कोणी आपल्याला इतकं उघडं पाडलं नव्हतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी तेच तिच्यासमोर येऊन बसले. तोंडावर रुमाल धरून त्यांनी हळूच विचारलं, सगळ्यांनाच कळतं का?

"नाही. मी कवळ्याच करते, म्हणून मला कळलं," आत्या म्हणाली. "आणि मी तसं बोलायला नको होतं. माझं चुकलं."

मग ते बोलले. आयुष्यभर त्यांनी रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या. आवाजावर लोक ओळखायचे, दुकानात, बसमध्ये. दात गेले, कवळी आली. हिरड्या झिजल्या तशी ती सैल झाली. एकदा दोन गाण्यांच्या मध्ये एका बाईशी हसून बोलताना ती सुटून खाली आली होती. बाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं, पण यांनी त्यानंतर तोंडच मिटलं. नाच सोडवत नव्हता, म्हणून ही शेवटच्या गाण्याची वाट काढली होती. डॉक्टरांकडे का नाही गेलात, या प्रश्नावर ते म्हणाले की तिथेही तोंड उघडावंच लागतं.

आत्याने सांगितलं की नवी करायचीही गरज नाही, आतून एक थर भरला की घट्ट बसेल.

पंधरवड्याने ते तिच्या गावी आले. डॉक्टरांनी माप घेतलं, आत्याने लॅबमध्ये थर भरला, घासला, आणि ते तेवढा वेळ रुमालाने तोंड झाकून बाकावर बसून राहिले. कवळी बसवल्यावर बघायचं होतं की शीळ गेली की नाही. मोठ्याने काहीतरी वाचा, आत्या म्हणाली. हाताशी काही नव्हतं, म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या प्लास्टरच्या गोणीवरच्या सूचना वाचायला घेतल्या. स्वच्छ भांड्यात सावकाश पाणी ओतावे, मिश्रण सतत ढवळावे. तो आवाज लॅबमध्ये घुमला आणि सगळ्यांच्या हातातली कामं थांबली. गोणी संपली तरी कोणी हललं नाही. प्लास्टर कालवायचं इतकं गंभीर आणि सुंदर काम आपण रोज करतो, हे तिथल्या कोणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं.

पुढच्या मेळ्याला गृहस्थ कोपऱ्यात नव्हतेच. पहिल्या गाण्यापासून मैदानात. दोन गाण्यांच्या मध्ये बायका त्यांचं बोलणं ऐकायला थांबत, पुढचं गाणं सुरू झालं तरी थांबत. नर्सबरोबर ते नाचले, लाल झग्यातल्या मुलीबरोबर नाचले. आत्या आपली पाळी येईल म्हणून वाट बघत बसली. ती येईना, तेव्हा उठून तिनेच विचारलं.

"आज नको," ते म्हणाले आणि नजर चुकवून पाणी प्यायला गेले.

हा नकार आधीच्या सगळ्या नकारांपेक्षा जिव्हारी लागला. याच्यामागे काही कारण असूच शकत नव्हतं, आणि म्हणून ते तिला शोधूनही काढता येईना. उंच तरुण आता तिला आपणहून विचारायला आला, त्याच्याबरोबर ती नाचली, थांबायच्या जागी थांबलीसुद्धा. तो खूश झाला, पण तिचं लक्ष नव्हतं. शेवटी चहाच्या वेळी ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. या वेळी तिने बोलण्याआधी थोडा विचार केला. एवढंच म्हणाली, नाचायलाच पाहिजे असं नाही, पण कळलं तर बरं वाटेल.

गृहस्थांनी कप खाली ठेवला.

"इथे कोणालाच माहीत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे. तुमच्यासमोर आलो की मला वाटतं, तुम्ही माझे दात बघताय."

आत्या ते नाकारायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की त्या क्षणीही ती तेच बघत होती. कवळी कशी बसलीय, पुढच्या दातांचा कल थोडा आत घ्यायला हवा होता का, हेच तिच्या मनात चाललं होतं.

"बघतेच आहे," ती म्हणाली. "सवय आहे. तुम्ही नाही म्हणालात ते बरोबर आहे."

आणि गंमत म्हणजे तिला खरोखरच हलकं वाटलं. तिने नर्सला जाऊन सांगितलं, नर्स पोट धरून हसली, मग आत्याही हसली. त्या दुपारी तिने आणखी दोघांना विचारलं. एक हो म्हणाला, एक नाही म्हणाला, आणि नाही म्हणणाऱ्याचं कारण शोधायला ती गेली नाही. असेल काहीतरी त्याचं.

शेवटच्या दिवशी दुपारी एक नवी फेरी लागली तेव्हा ते गृहस्थ सभागृह ओलांडून तिच्यापाशी आले. अख्खी फेरी बाकी होती. हात पुढे करून ते म्हणाले, एक अट आहे, डोळे मिटून नाचायचं. आत्याने चष्मा काढून नर्सच्या हातात दिला आणि डोळे मिटले. सुरुवातीला तिला जीव मुठीत धरल्यासारखं झालं. मग समोरच्या छातीचा कल बदलला, आणि तिचं पाऊल, तिने काहीही न ठरवता, मागे गेलं. पहिलं गाणं संपलं. मध्ये थांबल्यावर ते तिच्याशी बोलले, हवेबद्दल, जमिनीच्या लाकडाबद्दल, असंच काहीबाही, आणि ती डोळे मिटूनच हं हं करत राहिली.

घरी आल्यावर वहिनीने विचारलं की यंदा किती जणांनी नाही म्हटलं. आत्याला आठवेना. पण पाऊल कसं कळतं ते मात्र थोडं कळलंय असं ती म्हणाली, आणि वहिनीला स्वयंपाकघराच्या मधोमध उभं करून, डोळे मिट म्हणाली, दाखवते.