कापणीच्या दिवसांतली फायनल

सांगलीहून निघताना मी बॅगेत आठवणीने दुर्बीण टाकली होती. नवेगाव बांधच्या तलावावर थंडीच्या तोंडाला पाहुणे पक्षी उतरतात असं ऐकून होते, आणि कल्पनाने फोनवर तलाव दाखवायचं आमिषही दाखवलं होतं. कल्पना माझी कॉलेजातली मैत्रीण. आम्ही एकाच हॉकी संघात होतो. ती कर्णधार आणि मी बहुतेक वेळ राखीव. पुढे ती गोरेगावच्या एका कॉलेजात मुलींच्या हॉकीची प्रशिक्षक म्हणून गेली. गोरेगाव म्हणजे मुंबईतलं नव्हे, गोंदिया जिल्ह्यातलं. तेव्हा आम्ही सगळ्या मैत्रिणी ‘बिचारी, कुठे जाऊन पडली’ म्हणून हळहळलो होतो. ती हळहळ आम्ही दर दिवाळीच्या फराळाला नव्याने काढत आलो.

अख्खा महाराष्ट्र आडवा कापून गाडी गोंदियाला पोचली तेव्हा माझ्या पाठीचा पार भुगा झाला होता. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "कहाँ जाना है, मैडम?" आणि मीही नकळत हिंदीत शिरले. गोंदियात मराठी बोलायला तोंड उघडावं तर हिंदीच बाहेर पडते. स्टँडवरून गोरेगावची एसटी पकडली. कंडक्टर बाई होती, खणखणीत आवाजाची. कोणाकडे जाता, असं तिने सहज विचारलं. मी कल्पनाचं नाव सांगताच तिचा चेहराच बदलला. पुढच्या बाकावरच्या माणसाला तिने उठवलं आणि खिडकीची जागा मला दिली.

"मी मॅडमच्या पहिल्या टीममधली," ती म्हणाली. "राइट हाफले खेळत होती. तवा हाती स्टिक आली, म्हणून आज हे मशीन आलं." तिने तिकिटाचं मशीन जरा वर धरून दाखवलं.

बाहेर दोन्हीकडे पिवळी धानाची शेतं. इकडे भाताला धान म्हणतात, आणि ते धान उभं असो, कापलेलं असो, बोलणं सगळं त्याच्याभोवती फिरतं. माझ्या शेजारचे दोघे वाटभर आभाळाकडे बघत होते. मला वाटलं, उगाच काळजी करतात. थोडेसेच तर ढग होते.

कल्पना स्टँडवर स्कूटर घेऊन उभी होती. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा, गळ्यात शिट्टी. मिठी मारून झाल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "तलाव नंतर. उद्या फायनल आहे, आणि माझी गोलकीपर शेतात अडकलीय."

मग घरी चिन्नोर तांदळाचा भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढता वाढता तिने सगळं सांगितलं. चिन्नोरचा वास असा, की नुसता भात मीठ लावून खावा. तर तिच्या संघाने कॉलेजांच्या या हॉकी करंडकाची फायनल आजवर कधी जिंकलेली नाही. कारण दरवेळी एकच. सामने येतात ते नेमके धान कापणीच्या दिवसांत, आणि अर्धा संघ शेतात असतो. पहिल्या वर्षी सरावाला मूठभर मुली आल्या, तेव्हा ही तणतणत एका मुलीच्या शेतावर भांडायला गेली. मुलीच्या आईने हिच्या हातात विळा दिला. कल्पनाने संध्याकाळपर्यंत कापणी केली आणि मुलीला घेऊन आली. तेव्हापासून रिवाजच पडला. जिचं शेत अडलं असेल, तिच्या शेतावर सगळा संघ जातो, काम उरकतो आणि मुलगी सोडवून आणतो. हाताशी दोन-चार स्टिका आणि मैदानात चरणाऱ्या गाई, एवढ्यावर तिने सुरुवात केली होती. आज तिच्या मुली पोलिसात आहेत, रेल्वेत आहेत, शाळेत खेळ शिकवतात. हे ती पापडाचा तुकडा मोडत इतकं सहज सांगत होती, की मीच ताठ बसले.

जेवण होताच आम्ही निघालो. संघ दोन जीपगाड्यांत कोंबून सौंदडच्या अलीकडच्या एका गावात पोचलो. गोलकीपरचं नाव दुर्गा. तिचे वडील कवडूभाऊ धुऱ्यावर (बांधावर) उभे होते. कापलेलं धान शेतभर पसरलेलं, आणि सकाळचे ते ढग आता चांगलेच काळे झाले होते. धानाचे भारे बांधून, एका जागी रचून पुंजणं (धानाची गंजी) उभं केलं नाही, तर पावसात दाणा काळा पडणार होता.

"मॅडम, आभाळ भरून राहिलं," कवडूभाऊ म्हणाले. "पुंजणं लागल्याबिगर पोरगी कशी सोडू? चेंडू अडवाले दुसरी कोणी नाही का?"

"नाही," कल्पना म्हणाली. "पण भारे बांधायला आम्ही इतक्या जणी आहोत."

हलकं धान लावलं असतं तर ते लवकर पिकून आत्तापर्यंत घरात आलं असतं, हेही तिने जाता जाता सुनावलं. कवडूभाऊंनी नाही म्हणून मान हलवली. भारी धान उशिरा येतं, पण भरघोस येतं. त्यांच्या वडलांपासून या शेतात भारीच लागत आलेलं.

मी कल्पनाला बाजूला घेऊन म्हटलं, फायनलच्या आदल्या दिवशी पोरींच्या कमरा मोडतेस, वेड लागलंय का तुला? तिने माझ्या हाती दोरासारखी पिळलेली तणस (धानाचा पेंढा) दिली आणि भारा कसा बांधायचा ते दाखवलं.

माझा पहिला भारा दिसायला झकास होता. कवडूभाऊंनी तो डोक्यावर घेतला, चार पावलं टाकली आणि तो त्यांच्या अंगावरच सुटला. ते कमरेपर्यंत धानात उभे. सगळ्या पोरी पोट धरून हसल्या. दुर्गा आली, गाठ कशी गुडघ्याने दाबायची ते दाखवून म्हणाली, "मावशी, तुमी काऊन इतकी हळू बांधता? धानाले लागत नाही." त्यानंतर मला फक्त भारे उचलून द्यायचं काम मिळालं. दुपारी शेतातच पुन्हा भात आणि सुक्या झिंग्यांची चटणी खाल्ली. दिवस मावळेपर्यंत पुंजणं उभं राहिलं, वर ताडपत्री बांधली गेली, आणि दुर्गा आपले पॅड घेऊन जीपमध्ये बसली.

पहाटे पाऊस आला, आणि तो असा तसा नव्हता. गोंदियाच्या मैदानावर चिखल झाला, सामना दुपारवर गेला. समोरचा संघ शहरी कॉलेजचा, सगळ्या नव्याकोऱ्या बुटांत. आमच्या पोरींना चिखलाचं काय कौतुक? बांधीत (धानाच्या खाचरात) वाढलेल्या त्या. पहिल्या अर्ध्यात खेळ आमच्याच पोरींच्या हातात होता. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

मध्यंतरात पुन्हा भुरभुर लागली, तेव्हा गोलच्या मागे कोणी छत्री घेऊन उभं दिसलं. कवडूभाऊ. मी जवळ गेले तेव्हा ते जरा ओशाळले. "वावर ओलं, काम नाही," ते म्हणाले. "म्हटलं पाहून घेऊ, कायले बोलावते ही पोरगी खेळ पाहाले."

मग त्यांनी पाहिलं. दुर्गाने एक चेंडू पॅडने मारला, एक पडून अडवला, एक तर हवेतच थोपवला. प्रत्येक वेळी त्यांची छत्री थोडी थोडी खाली येत गेली. शेवटी ती मिटली आणि ते भिजत उभे राहिले. सामना संपत आला तेव्हा समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. पहिला फटका दुर्गाने अडवला. चेंडू उसळून चिखलात थांबला, आणि त्यांच्यातल्या दुसरीने तो रिकाम्या कोपऱ्यात ढकलला. शिट्टी झाली. आम्ही त्या एका गोलने हरलो.

पोरी रडल्या. मीही रडले, राखीव खेळाडूला तेवढा हक्क असतो. कल्पना प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवत फिरली आणि समोरच्या प्रशिक्षकाचं अभिनंदन करून आली. मला तिचा फार अभिमान वाटला. तेवढ्यात कवडूभाऊ तिच्यासमोर येऊन उभे राहिले. दुर्गा त्यांच्या मागे, चिखलाने माखलेली.

"मॅडम, आमची पोरगी दमून होती. काल दिवसभर भारे वाहिले तिने," ते म्हणाले. "पुढच्या साली मी हलका धान लावतो. सामने यायच्या आंधीच कापून मोकळा होतो."

कल्पना इतक्या वेळात रडली नव्हती. ती तेव्हा रडली.

दुसऱ्या दिवशी तिने शब्द पाळून मला नवेगाव बांधला नेलं. तलाव मोठा, सुंदर, डोंगरांच्या कुशीत निवांत पसरलेला. पक्षीही होते. पण आम्ही दोघी काठावर बसून पुढच्या वर्षीचा संघ लावत बसलो, आणि दुर्बीण पिशवीतच राहिली.

सांगलीला परतले तेव्हा हातांवर धानाचे ओरखडे होते. मैत्रिणी जमल्या, फोटो मागितले, आणि नेहमीप्रमाणे एकीने उसासा टाकून विचारलं, "बिचारी कल्पना कशी आहे गं?"

"तिला बिचारी म्हणायचं नाही," मी म्हणाले. "तिकडे लोक तिच्या सामन्याची तारीख बघून धान पेरतात."