काळ्या स्क्रीनच्या बाई

नव्या माणसाने टेबलावर माउस ठेवला की आमच्या बाई तो दोन बोटांनी उचलून ड्रॉवरमध्ये टाकायच्या आणि ड्रॉवर गुडघ्याने बंद करायच्या. वर विचारायच्या, "लिवता-वाचता येतं ना तुला? मग ह्ये खेळणं कशाला?" लोटे गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत आम्ही तिघे सर्व्हर सांभाळायचो. त्यात बाई सर्वांत जुन्या आणि सर्वांत हट्टी. त्यांच्यासमोर कायम तो काळा पडदा आणि त्यावर टाइप केलेल्या पांढऱ्या कमांड, म्हणून अख्खा प्लांट त्यांना 'काळ्या स्क्रीनच्या बाई' म्हणायचा.

काम सांगायला सोपं होतं. कंपनीच्या सगळ्या फाइली एका मोठ्या स्टोरेजमध्ये असायच्या. वजनकाटा, लॅब, स्टोअर, कंपनीचा दवाखाना, प्रत्येकाचं त्या स्टोरेजशी नेटवर्कवरून वेगळं कनेक्शन. ती कनेक्शनं जोडायची, सोडायची, अडकली तर मोकळी करायची. पुण्याहून आलेल्या एका इंजिनिअरने एकदा त्यासाठी रंगीत प्रोग्रॅम बसवून दिला आणि खुशीत म्हणाला, "बघा मॅडम, सगळं हिरवं!" बाई म्हणाल्या, "आमच्यात हिरवा म्हंजे अजून कच्चा." तो बिचारा मनापासून हसला. बाई नाही हसल्या. त्यांना तो विनोद वाटतच नव्हता.

कमांड टाइप झाली तरी एंटर मारायची नाही, आधी ती मोठ्याने वाचायची, हा त्यांचा नियम. आमच्यातला तिसरा, अलोऱ्याचा विनय, एकदा घाईत होता. वजनकाट्याचं एकच कनेक्शन सोडायचं होतं, पण कमांडमध्ये त्याचं नाव लिहायचं राहिलं आणि एका झटक्यात सगळीच सुटली. गेटवर ट्रकांची रांग, लॅबमधून फोनवर फोन. बाईंनी एकेक कनेक्शन नावाने परत जोडलं आणि मग त्याच्याकडे वळल्या. "नाव न घेता 'उठा' म्हटलंस, अख्खी पंगत उठली ना रे! जल्ली मेली तुझी घाई." त्यानंतर विनय कमांड इतक्या मोठ्याने वाचायला लागला की शेजारचं अकाउंट्सवालं टेबल वैतागलं.

बाईंचे वडील खाडीवर 'तर' म्हणजे ने-आण करणारी होडी चालवायचे, माणसं या काठावरून त्या काठाला न्यायचे. तिथूनच त्यांची दुसरी सवय आलेली. कुठलंही कनेक्शन सोडण्यापूर्वी त्या आधी यादी काढायच्या, त्यावर आत्ता कोण काम करतंय याची. "होडीत कोन बसलाय ता बघितल्याशिवाय दोर सोडायचा नाय," असं पुटपुटायच्या. अर्धं मिनिट जायचं त्यात. साहेब लोकांना ते अर्धं मिनिट फार खुपायचं.

मग नवं स्टोरेज आलं. मुंबईच्या ऑफिसातून हुकूम आला की जुन्याची कनेक्शनं सोडा आणि ते भंगारात काढा. बाकी सगळ्यांच्या फाइली नव्यावर गेल्या होत्या. दवाखान्याच्या मात्र अलीकडच्या तेवढ्याच गेल्या. कामगारांच्या जुन्या तपासण्या, कामावर लागताना घेतलेल्या छातीच्या चाचण्या, सगळ्या अजून जुन्यावरच. त्यात पावडर सुकवणाऱ्या ड्रायरवर काम करणाऱ्या शांतारामदादांची होती. सावर्ड्याचा माणूस, आमच्याच बसला यायचा आणि बसमधल्या दोन पायऱ्या चढून धापा टाकायचा. ते भरपाई मागत होते आणि कंपनी म्हणत होती, हा छातीचा आजार तुम्ही घरूनच घेऊन आलात. ते आले तेव्हा छाती स्वच्छ होती, हे सांगणारी ती एकच चाचणी.

साहेब स्वतः आमच्या खोलीत आले. म्हणाले, "बाई, एक कमांड तर आहे."

"एकच हाय, म्हणून तर मारणार नाय."

"जुन्या फाइली बघतो कोण?"

"ज्याच्या हायत तो बघील." बाईंनी यादी काढली आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. "दवाखाना अजून बसलेला हाय. त्यांच्या जुन्या फाइलींची कॉपी चालू हाय, वाईच दम धरा. उतरू देत सगळे, मग सोडते."

"वरून ऑर्डर आहे."

"मग वरनं कुणीतरी या आणि सोडा. माझ्या हातानं नाय."

बाईंचा आवाज चढला नव्हता. साहेबांचाच चढला. आठवड्याच्या आत बाईंचं काम सुटलं. शेवटच्या दिवशी त्या डबा घेऊन बसच्या पुढच्या सीटवर बसल्या, रोज बसायच्या तशाच. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "तोंड कशाला पाडतोस? मी काय चोरी केली?" मला रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त येत होता.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्यापुढे उभे. "आता तू कर." कमांड मला पाठ होती, बाईंनीच शिकवलेली. नोकरी मला हवी होती, हेही खरंच. मी यादी काढली, मोठ्याने वाचली आणि म्हणालो, "कॉपी पूर्ण होईपर्यंत नाही करणार, साहेब." साहेबांनी विनयकडे पाहिलं. विनय खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसला.

दोघांना एकदम काढणं जड गेलं असावं. कॉपी पूर्ण झाली, शांतारामदादांनी दवाखान्याच्या डॉक्टरांकडून आपली चाचणी रीतसर मागून घेतली आणि ते वकिलाकडे गेले. जुनं कनेक्शन आम्ही त्यानंतर सोडलं.

बाईंना कुणी परत बोलावलं नाही. कंपनीने त्यांना दिलेल्या पत्रात कामावरून काढण्याचं कारण एका ओळीत दिलंय : सहकार्याचा अभाव. पत्र दाखवताना त्या अशा हसल्या की जणू बक्षीसच मिळालंय. मलाही काढतील त्या दिवसाची मी आता वाट बघतोय. माझ्या पत्रातसुद्धा तेच कारण असावं, दुसरं कुठलंही मला चालणार नाही.